हेरॉन गल्लीचा पत्ता

क्लिफर्ड हातमोज्यांच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याची बायको ग्वेन समोरच्या खांबाआड उभी होती. बायकांचंच दुकान होतं ते. आत गिऱ्हाइकं बायका, विकणाऱ्याही बायकाच. शनिवारी कारखाना दुपारी सुटतो आणि नवरा मित्रांबरोबर फुटबॉल बघायला जातो, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

परसातल्या शेडमध्ये खिळे शोधताना तिला हातमोज्यांचे चार जोड सापडले होते. पातळ कागदात गुंडाळलेले, नवेकोरे, नाजूक हाताचे. ग्वेन वेल्समधल्या खाणकामगाराची लेक. तिचा अंगठासुद्धा त्यात धड शिरला नसता.

मग तो नकाशा. क्लिफर्ड तो स्वयंपाकघरात पसरून बसायचा आणि तिची चाहूल लागली की घडी घालायचा. एकदा तिने कोटाच्या खिशातून काढून पाहिलाच. नकाशा त्यांच्याच गावाचा, कॉव्हेंट्रीचा होता, जुना; हेरॉन गल्लीवर पेन्सिलची फुली होती. तिने टपाल टाकणाऱ्या पोराला विचारलं.

"बाई, या गावात अशी गल्लीच नाही," तो म्हणाला.

शेजारची मॉड ते ऐकून हसली. "नसलेल्या गल्लीत राहणाऱ्या बायाच फार वाईट गं. तू आपली बॅग भर. बॅग दिसली की पुरुषाला बरोबर कंठ फुटतो."

ग्वेनने बॅग भरली होती. ती नवऱ्याला भिववायला नव्हे. संध्याकाळच्या गाडीने ती खरंच भावाकडे निघणार होती. त्याआधी ती दुसरी बाई कोण आहे, तेवढं एकदा बघायचं होतं.

काचेतून तिला दिसलं. विकणारी मुलगी क्लिफर्डला बघून ओळखीचं हसली. न विचारताच तिने खोका काढला. तिचे हात अगदी लहानखुरे होते.

ग्वेन ताडताड आत गेली. "हीच का ती?"

मुलीच्या हातातलं झाकण खाली पडलं. क्लिफर्डने मात्र टोपी काढून हातात धरली.

"ग्वेन, हळू बोल."

"का? हिची अब्रू जाते?"

"तसं नाही गं. इथे मोठ्याने बोललेलं आईला चालायचं नाही."

ग्वेनला काही समजेना. क्लिफर्डने नकाशा काढून काउंटरच्या काचेवर पसरला. बाहेर दिसणारे चर्चचे दोन जुने मनोरे दाखवले, मग नकाशावरचे दाखवले. त्या दोहोंच्या मधोमध फुली होती.

"ही हेरॉन गल्ली. आमचं घर इथे होतं. लढाईत बॉम्ब पडले तेव्हा मी कारखान्यात पाळीवर होतो. आई आणि धाकटी बहीण डोरिस घरात होत्या. पुढे सगळं साफ केलं, वर हा बाजार बांधला. गल्लीसुद्धा ठेवली नाही."

ग्वेन लढाईनंतर कामासाठी या गावात आली होती. तिच्या लेखी गाव या नव्या दुकानांपासूनच सुरू होत होतं. लग्नाआधी तिने त्याच्या माणसांची चौकशी केली होती. "गेली," एवढंच तो म्हणाला होता, आणि तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

"आणि हे मोजे?" तिने विचारलं.

"बाप्या माणसाला इथे नुसतं कोण उभं राहू देईल? काहीतरी घ्यावं लागतं."

ग्वेनने पायाखाली पाहिलं. गुळगुळीत, नुकती पुसलेली फरशी होती.

"मी कुठे उभी आहे?"

"चुलीपाशी," क्लिफर्ड म्हणाला. "डोरिस तिथेच बसायची."

विकणाऱ्या मुलीने झाकण उचललं. तिला काय करावं ते सुचत नव्हतं. "बाई, आपल्याला काही दाखवू का?"

ग्वेनने जवळचं स्टूल ओढलं आणि त्याच जागी बसली.

"दाखव," ती म्हणाली. "दुकानात असतील नसतील तेवढे सगळे दाखव. आणि बाळ, जरा सावकाश दाखव."