कोठी मुली खाते

"हा कुठला प्रकार म्हणायचा, बाई?" संस्थेच्या सचिवांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. भित्तिपत्रकावरून तो उचकटून आणला होता. कोपऱ्यांना डिंकाचे पोपडे तसेच होते.

भाषेच्या बाईंना तो वाचायची गरज नव्हती. भिंतीवर त्यांनीच लावला होता.

कोठी मुली खाते.
सोमवारी एक, गुरुवारी दोन.
चावत नाही, गिळत नाही,
नुसती तोंडात धरून ठेवते.
संध्याकाळी थुंकते.

"अठरा वर्षं या मुलींचं करतेय मी," वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "छान पांग फेडले हिने!"

ही म्हणजे नववीतली काडी. अंगाने तशी, म्हणून सगळे काडीच म्हणत. दाराजवळ उभी राहून ती फरशीकडे बघत होती.

"सामानाची कोठी वसतिगृहाची, किल्ली मॅडमच्या कमरेला," सचिव म्हणाले. "उद्या एखाद्या पालकानं हे वाचलं तर? दाखला हातात देऊ, विषय मिटेल."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्यांची मान सचिवांसमोर एकाच दिशेने हलत असे.

काडीला परत जायला घर नव्हतं, एक मामा होता आणि तो हिला नको म्हणत होता. आणि इतक्या वर्षांत 'स्वतःचं उदाहरण लिहा' म्हटल्यावर स्वतःचं लिहिणारी ही पहिलीच पोर. काहीही करून हिला वाचवायचं, असं ठरवून त्या उभ्या राहिल्या. उभं राहिल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे.

"साहेब, हा चेतनगुणोक्ती अलंकार. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं दाखवायचं. मीच वर्गात शिकवला. बाकीच्यांनी 'सूर्य हसला', 'वारा गातो' लिहून आणलं. हिने कोठी घेतली. कोठीत पोती जातात, बाहेर येतात, म्हणून तिला तोंड दिलं."

"आणि मुली?"

"ती अतिशयोक्ती."

"बरं, सोमवार, गुरुवार, एक, दोन? हे काय?"

बाई अडखळल्या नाहीत. "आकडे घातले की कल्पना खरी वाटते, साहेब. ती लिहिणाऱ्याची हातोटी."

दाराजवळ काडीने मान वर केली. वर्गात शंका आली की करायची तसं बोट वर केलं. बाईंनी डोळे वटारले. बोट खाली गेलं.

"म्हणजे यातलं खरं काही नाही?"

"कोठी कधी मुली खाते का, साहेब?"

आधी सचिव हसले, मग मुख्याध्यापक. अधीक्षिकाही रुमालाने डोळे टिपत हसल्या.

"तेवढं लिहून द्या," सचिव म्हणाले.

बाईंनी वळणदार अक्षरात लिहून दिलं: 'सदर कवितेतील वर्णन पूर्णतः काल्पनिक व आलंकारिक असून त्याचा प्रत्यक्ष घटनांशी काहीही संबंध नाही.' खाली सही केली. मुख्याध्यापकांनी शिक्का मारला. काडीचा दाखला टळला.

व्हरांड्यात येताच बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "वाचलीस गं! आणि मध्येच बोट कसलं वर करतेस? जमत आलेलं सगळं विस्कटलं असतंस."

"तुम्ही चुकीचं सांगत होतात, बाई."

"काय चुकीचं?"

"आकडे. सोमवारी मी होते. गुरुवारी पाचवीतल्या दोघी, अंथरूण ओलं केलं म्हणून. सकाळी आत घालून बाहेरून कडी लावतात. धाकटी फार रडते, मग तिला आणखी उशिरा काढतात."

सोमवारच्या हजेरीत काडीच्या नावापुढे 'आजारी' हे बाईंनीच लिहिलं होतं, वसतिगृहाची चिठ्ठी बघून.

"अगं, मग मला सरळ सांगायचं नाही का?"

"सांगितलंच की." काडीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही शाबास म्हणालात. भिंतीवर लावलंत."

बाई उलट्या पावली कचेरीत शिरल्या. सचिव कागद बॅगेत भरत होते.

"साहेब, ते मी लिहिलेलं परत द्या. दुरुस्ती करायची आहे."

"तुमच्या लिहिण्यात चूक?"

"ते खरं आहे, साहेब. कवितेतलं."

सचिवांनी घड्याळ बघितलं. "बाई, आत्ताच तुम्ही आम्हाला अर्धा तास शिकवलंत. आता हा कुठला नवा अलंकार?"

"तिनंच सांगितलं असेल आत्ता बाहेर," अधीक्षिका शांतपणे म्हणाल्या. त्यांचे डोळे आता कोरडे होते. "गोष्टी रचण्यात तिचा हात कोण धरणार? तुम्हीच म्हणालात, हातोटी आहे."

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते शिक्क्याचं झाकण बसवण्यात गुंतले होते. बॅगेची चेन सर्रकन ओढली गेली.

काडी व्हरांड्यात तशीच उभी होती. खाली मैदानात वसतिगृहाच्या मुलींची रांग लागत होती.

"दिला नाही ना कागद?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे आता आम्ही काहीही सांगितलं," काडी विचार करत म्हणाली, "तरी ती कविताच होणार ना, बाई?"

तिचा स्वर तक्रारीचा नव्हता. धडा नीट समजला की नाही, हे पडताळून बघणाऱ्या मुलीचा होता.

वर्गात कुणी अडलं की बाई तिथल्या तिथे समजावून सांगत. आज त्या म्हणाल्या, "उद्या सांगते हं."

काडीने शहाण्यासारखी मान हलवली आणि उशीर नको म्हणून पळत जाऊन रांगेत उभी राहिली.