एक घर मागे

किल्ली निघेना.

बाबांनी दोन बोटांनी ओढली, चार बोटांनी ओढली, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवून ओढली. इंजिन केव्हाच बंद झालं होतं, हँडब्रेकही लावलेला. किल्ली मात्र शेवटपर्यंत वळतच नव्हती, मग बाहेर कुठली येतेय!

"फेरी तर झकास मारलीत," लेक खिडकीशी वाकून म्हणाली. "आता किल्ली रुसली वाटतं."

सकाळीच तिने अट घातली होती. आईला शेजारी बसवून बाजारापर्यंत जाऊन या. नीट जमलं तर किल्ली तुमच्याकडे, नाहीतर आजपासून माझ्याकडे.

"थांबा, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला विचारून येते."

ती गेली. आईने जन्मात गाडी चालवली नव्हती, पण इतकी वर्षं शेजारी बसून बाबांच्या हाताच्या सवयी तिला पाठ होत्या. गाडी ऑटोमॅटिक; लावली की गिअरचा दांडा पार पुढे, पार्किंगच्या 'पी'वर, खट्‌! आज तो आवाज आला नव्हता. तिने खाली पाहिलं. दांडा एक घर मागेच होता, रिव्हर्सच्या 'आर'वर.

"अहो, दांडा कुठे आहे?"

बाबा वाकले. नाक टेकेल इतके वाकले.

"कुठे म्हणजे? पार्किंगला. 'पी' आहे ना. दिसतंय की मला."

आईला एकदम आठवलं. मघाशी वळणावर तीच ओरडली होती, "अहो, सायकल!" आणि बाबा म्हणाले होते, "उगाच घाबरवू नकोस, बघितली मी."

लेक परत येताना दिसली. आईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, बाबांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांच्याच अंगठ्याने दांड्याचं बटण दाबून तो पुढे सरकवला. खट्‌.

किल्ली अलगद बाबांच्या हातात आली. त्यांनी आईकडे बघितलं नाही.

दोघं उतरली, तोवर लेक पोचली. "निघाली? मिस्त्री म्हणतो, दांडा पार्किंगला नसेल. तसंच होतं का गं, आई? बाबांना नाही विचारत, ते थापा मारतील."

आई खोटं बोलत नाही. तो तिचा रोजचा नेम, आणि घरात सगळ्यांना तो ठाऊक होता.

"बोल ना. चालवू देऊ त्यांना?"

आईने तोंड उघडलं.

तेवढ्यात गाडीने दिवे मिचकावले. बाबांनी किल्लीवरचं बटण दाबलं होतं. मग त्यांनी लेकीचा हात ओढून घेतला, किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली आणि बोटाने चाचपत सांगू लागले.

"हे वरचं कुलपाचं. खालचं उघडायचं. तेच दाबून धरलंस की काचा उतरतात, गाडी उन्हात तापली की बरं पडतं. आणि हे कडेचं दाबशील तर बोंब मारते, सगळी गल्ली गोळा होईल."

"अहो बाबा, बटणांवर चित्रं आहेत. दिसतायत मला."

"हो," बाबा म्हणाले. "तुला दिसतात."