वाऱ्याचा अर्धा टक्का

देशाच्या वर्षभराच्या कार्बन उत्सर्जनाचा अंदाज ठरलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता जाहीर व्हायचा. तो मर्यादेबाहेर गेला की कोळशावरचे वीजसंच आपोआप बंद पडायचे आणि त्यांच्यावरच्या गावांची वीज जायची. कायदाच तसा होता.

पावणेबाराला, हा अंदाज काढणाऱ्या शर्वाणी बोरकुटेच्या पडद्यावर आकडा आला, मर्यादेपेक्षा किंचित जास्त. यंदा वारा पडला होता, पवनचक्क्यांची वीज घटली होती आणि तेवढा कोळसा वाढला होता. पहिला बंद होणारा संच तिच्याच गावचा होता. तिथे तिचे वडील घरी श्वासयंत्रावर होते.

"वाऱ्याचा वाटा अर्धा टक्का वाढवून धर," तिचे वरिष्ठ देवतळेसाहेब हळूच म्हणाले. "कोण बघतंय?"

"सगळ्यांनी असंच धरलं, म्हणून तर हा कायदा आला, साहेब."

तिने भावाला फोन लावला. "दादा, रुग्णवाहिका बोलाव. बाबांना दवाखान्यात हलव, आत्ताच्या आत्ता."

फोन चालू ठेवूनच तिने खरा आकडा पाठवला.

बारा वाजले. "शर्वे, लाइट गेली!" दादा ओरडला. "गाडी अजून आली नाही. मी हाताने फुगा दाबून श्वास देतोय. तू मोज, माझा ताल चुकतोय."

ती मोजत राहिली. एकशे बाराव्या श्वासाला तिला फोनमधून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला.