दहाचा नट

"टॉर्च खाली घे," दयाराम म्हणाला. "इंजिन दाखव. माहं तोंड कावून दाखवून राहिली?"

तारानं टॉर्च खाली घेतला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या तळहातावर इंजिनातून काढलेले, दहा नंबरच्या पान्याचे चार नट. पोर्चमध्ये उन्हाची झळ येत होती, पण बॉनेटखाली काळोख होता.

सकाळी निघालेली गाडी नेहरू नगरातून हायवेला लागायच्या आतच काळा धूर सोडत बंद पडली होती. दोघा भावांनी ती ढकलत परत आणली. रविवार, वर्कशॉप बंद. दयारामनं दुकानदाराला घरून उठवून नवा सेन्सर आणला होता. बोटाएवढी वस्तू, आत येणारी हवा किती गरम आहे हे ती इंजिनाला सांगते. जुना सेन्सर चुकीचं सांगत होता. मे महिन्यात इंजिनाला वाटत होतं की बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि ते पेट्रोल पीत सुटलं होतं.

दयारामचा धाकटा भाऊ गुलाब पायरीवर बसून लोखंडी रॉड जुन्या चादरीत गुंडाळत होता.

"संध्याकाळच्या गाडीनं ते सुरतले चालले म्हणते, भाऊ. डोंगरगडले पोचू ना आपण?"

"आरामात पोचू. गाडी चालू होऊ दे."

"पोट्टीले मागच्या सीटवर टाकू. पोट्ट्याले तिथंच ठिवू." गुलाब हसला. "जावई हाये आपला. मानपान तं कराच लागन."

"माह्याच कारखान्यातल्या शॉपमधल्या खलाशाचा, हेल्परचा पोट्टा," दयाराम म्हणाला. "त्याचा बाप रोज मले नमस्कार घालते."

प्रणिता ही दयाराम आणि ताराची एकुलती मुलगी. दोन दिवसांपूर्वी तिनं डोंगरगडच्या देवळात लग्न केलं होतं. ती कुठं उतरली आहे ते आज सकाळी कळलं.

सेन्सरपर्यंत हात जावा म्हणून दयारामनं हवेचा जाड पाइप काढून बाजूला ठेवला होता. इंजिनाच्या बाजूचं तोंड उघडं पडल्याबरोबर तारानं त्यात स्वच्छ फडकं कोंबलं होतं. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेत उघडं तोंड दिसलं की झाकायची. नवा सेन्सर बसला तसा दयारामनं ते फडकं ओढून फेकलं आणि भावाला जवळ बोलावलं.

"ही आतली पत्री पाह्य. एक्सिलेटर दाबला का उघडते, हवा आत जाते. नाई दाबला तं बंद. एवढाच खेळ हाये."

त्यानं बोटानं पत्री उघडझाप करून दाखवली.

"प्रणिता एकवीस वर्षांची हाये," तारा म्हणाली. "तिनं तिच्या मर्जीनं केलं. तुमी तिथं जाऊ नका."

दयारामनं मान वळवली नाही. फक्त हात आला, उलटा, पान्यासकट. ताराची भुवई फाटली. तळहातावरचे नट उडाले. तीन फरशीवर वाजले. चौथ्याचा आवाज वेगळा आला, बारीक, पोकळीत पडल्यासारखा.

टॉर्च तिच्या हातून सुटला नव्हता. उजेड त्या उघड्या तोंडात पडला होता. पत्रीला टेकून नट पडला होता.

गुलाब दुसरीकडे पाहत होता. दयारामनं वाकून नट वेचले.

"तीनच हायेत. एक कोठी गेला?"

डोळ्यात उतरणारं रक्त तिनं पदरानं पुसलं.

"नालीत गेला."

"तुह्या हातात काई टिकत नाई. पोरगी टिकली नाई, नट काय टिकन." त्यानं डब्यातून दुसरा नट काढला.

तारानं टॉर्च बंद केला. पाइप उचलून त्या तोंडावर बसवला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"धरला," ती म्हणाली. "लावा नट."

चारही नट बसले. गुलाबनं चादरीची मोळी डिक्कीत टाकली आणि डिक्की धाडकन लावली.

"बस आत," दयारामनं तिला सांगितलं. "चाबी फिरव. मी इकडून पाह्यतो."

ती बसली. दार ओढून घेतलं, काच वर केली. उघड्या बॉनेटमुळं नवरा दिसत नव्हता. खालच्या फटीतून त्याचे हात तेवढे दिसत होते.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, गचके नाहीत. आवाज एकसारखा, मऊ.

"पाह्य," दयाराम बॉनेटमागून भावाला म्हणाला. "कंपनीवाल्यानं तीन दिवस लावले असते." मग त्यानं आवाज चढवला. "तारा, रेस दे. हळू दे."

तारानं पाय एक्सिलेटरवर ठेवला आणि तळापर्यंत दाबला.

इंजिन किंचाळलं. मग आतून घाव ऐकू आले, एकामागून एक, लोखंडावर लोखंड. फटीतले हात झटकन मागे गेले. गाडी एकदा जोरात हादरली आणि सगळं थांबलं. बॉनेटखालून जळका वास यायला लागला.

"काय झालं, भाऊ?"

 दयारामनं बॉनेट खाली पाडलं. काचेपलीकडे तारा बसली होती, अर्धा चेहरा लाल. चारही दारांच्या लॉकची बटणं खाली होती.

"नट," तो म्हणाला.

"दुसरी गाडी पाहू. मी रॉड काढतो." गुलाब डिक्कीशी गेला, दोनदा झटका देऊन पाहिला. "चाबी तं आत हाये, भाऊ. वहिनीपाशी."

दयारामनं फरशीवरचा मोठा पाना उचलला. पहिला घाव काचेवर बसला. ताराचा पाय अजून एक्सिलेटरवर तसाच होता, तळापर्यंत दाबलेला.