चिहारूची फी

"कर्जाचा तो कागद फाडून टाक," तोकिए फोनवर म्हणाली.

"आजी, ऐकून तरी घे."

"ऐकलं. चार वर्षं शिकायचं आणि सोळा वर्षं फेडायचं. नाव शिष्यवृत्ती आणि वसुली सावकाराची!"

चिहारू हसली, पण फार नाही. "मग इस्पितळवाल्यांचं घेते. सगळी फी ते भरतात. पास झाल्यावर पाच वर्षं त्यांच्याकडेच नोकरी करायची."

"आणि मध्येच सोडलीस तर?"

"तर सगळे पैसे एकदम परत."

"म्हणजे पाच वर्षं दावणीला."

"जाऊ दे मग. वृद्धाश्रमात मदतनीस आहे तेच बरं. म्हाताऱ्यांची अंगं पुसते, घास भरवते. पोटापुरतं मिळतं. परवा शेवटची तारीख आहे, ती निघून गेली की डोक्याचा ताप संपला."

"नर्स व्हायचंय का तुला? हो की नाही, एवढंच सांग."

अगदी हळू आवाज आला, "हो."

"मग खाते क्रमांक सांग. कॉलेजचा सांग, तुझा नको."

तोकिए इसोबे अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मुराकामी गावातल्या एका दुकानात चाळीस वर्षं तिने सामन मासे चिरले, मीठ लावून वळचणीला टांगले. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. चिहारूचा फोन दर रविवारी सहाला यायचा. एरवी आठवडाभर त्या घरात आवाज असायचा तो भाताच्या कुकरचा. भात झाला की तो एक गाणं वाजवायचा आणि तोकिए त्याला "हो रे बाबा, आले" म्हणायची.

बँकेतले पैसे तिने एका कामासाठी राखून ठेवले होते. नदीपलीकडच्या वृद्धनिवासात जागा घ्यायची होती. शेजारचा सुगावारा मेला तेव्हा नऊ दिवस कुणाला पत्ता नव्हता. आपलं तसं होऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. त्या रात्री तिने वृद्धनिवासाचं माहितीपत्रक काढलं, त्यातला खिडकीजवळच्या पलंगाचा फोटो नीट पाहिला, आणि ते जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घालून सुतळीने बांधून टाकलं.

सोमवारी सकाळी ती बँकेत गेली. खिडकीतल्या पोरीने अर्जावरचा आकडा वाचला आणि तिचं हसू जरा आवळलं.

"इसोबेसान, अठरा लाख येन? एवढे कशासाठी?"

"फीसाठी. नर्सिंगची पदवी आहे. प्रवेशाचे आणि पहिल्या वर्षाचे."

"तुम्हाला कुणाचा फोन आला होता का?"

"आला होता की. काल सहा वाजता."

पोरीने तिला आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला. चहा निवायच्या आत पोलीस आला. कुराशिना त्याचं नाव, पन्नाशीचा, पोट सुटलेला. तो तिच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला.

"आजी, रागावू नका. फोनवर रडायचं आणि म्हाताऱ्यांना लुटायचं, हा धंदा फार बोकाळलाय. गेल्या महिन्यात या गावात दोघं बुडाले."

"काल कुणीच रडलं नाही. मीच ओरडत होते."

"नात कुठे असते?"

"चिहारू निइगाताला असते."

"वय?"

"बावीस."

"आणि आत्ता कॉलेजात निघाली?"

"मधली काही वर्षं वाया गेली तिची. माणसाची जातात."

"शेवटची भेटलात कधी?"

तोकिएने कप खाली ठेवला. "भेट नाही झाली. ती म्हणते, आधी काहीतरी होऊन दाखवते, मग तोंड दाखवते."

पोलिसाने बँकेतल्या पोरीकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तोकिएला कळला.

"आजी, जी भेटायलाच येत नाही तिच्यासाठी म्हातारपणाची पुंजी काढताय?"

"तीन वर्षांत तिने फार तर चार रविवार चुकवले असतील. तुम्ही तुमच्या आईला कधी फोन केला होतात शेवटचा?"

कुराशिनाने कॉलेजचा नंबर स्वतः शोधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. पलीकडच्या बाईने दोनदा खात्री करून घेतली, मग यादी पाहिली. हो, त्या नावाची मुलगी आहे. प्रवेश मिळालाय. प्रवेश परीक्षेत वरच्या दहांत होती. फी मात्र अजून आलेली नाही, उद्या शेवटचा दिवस. खाते क्रमांकही बरोबर निघाला.

खोलीतले सगळे उठले आणि कमरेत वाकले. पोरीचे कान लाल झाले होते. तोकिएने अर्जावर सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उमटवला, पावती घडी करून कमरपट्ट्यात खोचली.

कुराशिनाने तिला दारापर्यंत सोडलं. "माफ करा हं आजी. नात मोठी नशीबवान आहे तुमची."

"बर्फ पडणार आज," तोकिए म्हणाली. "सांभाळून जा."

पुलावर ती दम खायला थांबली. पलीकडे वृद्धनिवासाचं कौलारू छप्पर दिसत होतं. तिने तिकडे पाठ केली. तिला मूलबाळ कधी झालंच नव्हतं, मग नात कुठून असणार? तीन वर्षांपूर्वी एका दुपारी फोन वाजला होता. "आजी, मी बोलतेय गं, माझ्या हातून अपघात झालाय, संध्याकाळपर्यंत पैसे पाठव," असं कुणी एक पोरगी पाठ केल्यासारखी रडत होती. तोकिएला सगळं लगेच कळलं होतं. तिने एवढंच विचारलं, "जेवलीस का गं तू?" आणि पलीकडची पोरगी खरोखर रडू लागली.