सहावं पद

"वहिनी गेल्या," माधव हळूच म्हणाला. त्याने राजारामला व्हरांड्यात बोलावून घेतलं होतं. फोन वरच्या मजल्यावर माधवकडेच होता. निशातगंजच्या नर्सिंग होमने तिथेच कळवलं होतं.

राजारामच्या हातात खडू तसाच राहिला. काल अरुणाचा ताप उतरला होता. परवाही उतरला होता.

"चला, स्कूटर काढतो."

"क्लास चालू आहे."

माधवने दारातून आत पाहिलं. सतरंजीवर इंटरची, म्हणजे बारावीची मुलं बसली होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

"किती वेळ?"

"हे एक उदाहरण होऊ दे."

मुलांमधली पूर्वा उठून पाणी घेऊन आली. माधवने तिच्याकडे न बघता पेला घेतला आणि तो तसाच धरून पायरीवर बसला.

राजाराम फळ्याकडे गेला. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, सगळे एकमेकांना जोडायचे. वर्तुळाचे तुकडे किती? एका बिंदूला एक, मग दोन, चार, आठ, सोळा.

"छह बिंदु लो. अगला पद?"

"बत्तीस," संग्राम म्हणाला. "ये तो बच्चे भी बता दें, सर."

"बच्चे गिनते हैं. तुम भी गिनो."

मुलं कागदांवर वाकली. बाहेर माधव खोकला.

"तीस आए, सर," नुसरत म्हणाली.

"तीन रेखाएँ एक जगह मिल गई होंगी. बिंदु सरकाओ, फिर से गिनो."

"सर, आज टाइम काट रहे हैं आप," संग्राम कुरकुरला.

"फिर से."

राजाराम मुलांकडे पाठ करून उभा राहिला. खिडकीला जाळी होती, दाराबाहेर माधव होता. उदाहरण सुटलं की खडू खाली ठेवावा लागणार होता.

"इकतीस, सर."

पूर्वाने प्रत्येक तुकड्यात आकडा घातला होता. त्याने कागद घेऊन स्वतः मोजलं. सावकाश मोजलं. एकतीसच होते.

"पाँच पद मिल गए, तो छठा भी मिलेगा, ऐसा नहीं होता," तो म्हणाला.

"क्यों नहीं होता?" संग्रामने विचारलं.

"बाद में."

मुलं चपला घालून गेली. पूर्वा मागे राहिली. तिने सतरंजी गुंडाळली, फळा पुसला.

"आता सर म्हणायला नको ना?" ती मराठीत म्हणाली. "बाबा, आईच्या डब्यात आज खिचडी देऊ की वरणभात?"

माधव दारात येऊन उभा होता. खडू अजून राजारामच्या हातात होता. तिला सांगायचं राहिलं होतं.