पेटी हलवताना

मोहरी फुलली की मधाच्या पेट्या मोहरीच्या शेताकडे, ती सरली की सूर्यफुलांकडे. फुलोऱ्यामागे पेट्या फिरवण्यात बाबांचं सगळं आयुष्य गेलं. नुसतं बोट चाटून ते मध कुठल्या फुलाचा आहे ते सांगायचे. मुलाला मात्र त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. "पेटी जवळपास हलवायची नाही. संध्याकाळी माश्या आत शिरल्या की दार बंद करायचं आणि चांगली लांब न्यायची. शेजारच्या शेतात ठेवलीस, तर सकाळी सगळ्या जुन्या जागी परत येतात आणि घर शोधता शोधता मरतात."

आई गेल्यावर मुलाने त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. बाबा दोनदा चालत घरी परत आले. दुसऱ्यांदा सुनेने दार उघडलं, तर पायरीवर बसून ते विचारत होते, "माश्यांना पाणी ठेवलंस का गं?"

"अहो, आता काहीतरी करा," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने दुसरा आश्रम शोधला. संध्याकाळी बाबांना गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि निघाला. पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला होता. खोली स्वच्छ होती, कॉटवर नवी चादर होती. बॅग कोपऱ्यात ठेवून मुलगा मान खाली घालून म्हणाला, "येतो बाबा."

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

&nbsp;

"चांगलं लांब आणलंस रे. मी शिकवलेलं विसरला नाहीस."